७०० मीटरसाठी गाडी: चालणं नेमकं कुठं अडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या टिळकवाडीतलं एक घर. थोरला भाऊ ७०० मीटरवरून भाजी आणायला कार काढतो. वहिनी ९०० मीटरवरच्या शाळेत मुलाला कारनं सोडते आणि कारनंच परत आणते. वडील निवृत्त आहेत, बँक अर्ध्या किलोमीटरवर, तरी 'गाडी काढ' म्हणतात. विचारणाऱ्याला स्वतःला चालायची आवड आहे आणि शेवटच्या ओळीत त्याचा त्रागा उतरलाय: माणसं इतकी आळशी कशी झाली, आणि यांना चालायला लावायचं कसं?

चालायला कसं लावायचं याचं उत्तर देता येतं. आळशीपणाचा निकाल मात्र आधी मागं घ्या. तो एकदा दिला की शोधायचं काही उरत नाही आणि दुरुस्त करायचंही काही उरत नाही. तुमच्या घरातल्या या तीन फेऱ्या वरवर सारख्या दिसतात, पण वाहतुकीच्या दृष्टीनं तिघांचं अडणं वेगवेगळं आहे. भावाचं, वहिनींचं आणि वडिलांचं अडणं एकाच उपदेशानं सुटणार नाही. आणि ज्या माणसांना आपण चालत नाहीत म्हणून नावं ठेवतो, त्यांच्यातलीच कितीतरी आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरच्या वाटेला लागतात. पायात बळ आहे. अडतं ते रोजच्या वाटेवर.

सुरुवात वहिनींपासून करा, कारण तिथं चूक होण्याची शक्यता सर्वात जास्त. मुलाला शाळेत सोडून त्या लगेच घरी येतात, की तिथूनच उद्यमबागला कामावर जातात, की वाटेत आईकडं डबा देतात? पाहणाऱ्याला फक्त घर ते शाळा एवढा तुकडा दिसतो. प्रत्यक्षात ती एकाला एक जोडलेली चार कामं असतात, आणि गाडी चौथ्या कामासाठी लागणार असते म्हणून पहिल्या कामालाच बाहेर पडते. अशी जोडफेरी घरातल्या बायकांच्या वाट्याला जास्त येते: शाळा, दळण, औषध, सासऱ्यांचा रिपोर्ट, मग ऑफिस. एक आठवडा कागदावर लिहून काढा. कोण, किती वाजता, कुठून कुठं, बरोबर काय सामान, आणि तिथून पुढं कुठं. शेवटचा रकाना भरल्याशिवाय कोणाच्याही फेरीवर मत देऊ नका. कागद भरला की फेऱ्यांचे दोन ढीग होतात: घरातून निघून थेट घरी येणाऱ्या, आणि पुढं जोडलेल्या. आधी फक्त पहिल्या ढिगाला हात घाला. दुसऱ्या ढिगातली एखादी कडी दुसऱ्या कोणी उचलली, म्हणजे शाळेत सोडायचं काम तुम्ही घेतलंत, तरच तिथली गाडी सुटते. चालण्याची आवड तुम्हाला आहे, तेव्हा ही कडी तुम्हीच उचलणं सर्वात सोपं.

आता वेळेचा हिशोब, कारण 'वेळ नाही' हे कारण सर्वात आधी पुढं येतं. निरोगी माणूस ताशी साडेचार ते पाच किलोमीटर चालतो, म्हणजे मिनिटाला साधारण ७५ ते ८० मीटर. ७०० मीटरला नऊ मिनिटं. कारचं असं: फाटक उघडणं, गाडी मागं घेणं, फाटक लावणं, दोन मिनिटं. गल्लीबोळातून ताशी १५ किलोमीटरनं ७०० मीटर, तीन मिनिटं. जागा शोधणं, लावणं आणि लावलेल्या ठिकाणापासून दुकानापर्यंत येणं, तीन-चार मिनिटं. बेरीज आठ-नऊ. म्हणजे एक किलोमीटरच्या आत दोघं बरोबरीत. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार या पट्ट्यात तर कार हरते. मधे रेल्वे गेट पडलं असेल तर विचारायलाच नको. एक किलोमीटरच्या पुढं कार जिंकायला लागते, आणि अडीच किलोमीटरला चालण्याचा आग्रह धरणं रोजच्या कामासाठी अव्यवहारी आहे. तिथं सायकल, बस किंवा दुचाकी बघावी. हा हिशोब भावाला तोंडी सांगू नका. एक दिवस तो गाडीनं आणि तुम्ही पायी, एकाच वेळी घरातून निघा. भाजीवाल्यापाशी कोण कधी पोचतं ते दोघांनाही कळेल.

यानंतर वाट तपासायची, आणि या कामाला एक पूर्ण संध्याकाळ द्या. ज्याला चालायला सांगायचंय त्याच्याबरोबर, तो ज्या वेळी जातो त्याच वेळी, त्याच्याच चपलेत आणि त्याच्याच सामानासह ती वाट चाला. रविवारी सकाळी सात वाजता मोकळ्या रस्त्यावरून फिरून 'वाट चांगली आहे' म्हणण्यात अर्थ नाही. खिशात पाच मीटरची टेप ठेवा. तपासायचं ते असं.

फुटपाथची मोकळी रुंदी मोजा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकात चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा आणि डोक्यावर २.२ मीटर उंची धरलेली आहे. १.८ मीटर यासाठी की पिशवी घेतलेली दोन माणसं समोरासमोर आली तरी कोणाला खाली उतरावं लागू नये. मोजायची ती बांधलेली रुंदी नव्हे. ट्रान्सफॉर्मर, खांब, दुकानाची पायरी, फळांचं क्रेट आणि लावलेल्या दुचाकी वजा करून उरते ती. पुष्कळ ठिकाणी बांधलेला फुटपाथ दोन मीटर असतो आणि उरलेली जागा अर्धा मीटर. कडेच्या दगडाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पंचवीस-तीस सेंटिमीटरची कड तरुणाला कळतही नाही, पण गुडघा दुखणाऱ्याला प्रत्येक चढ-उतार म्हणजे जिन्याची एक उंच पायरी. त्यात दर घरापुढं गाडी आत घेण्यासाठी उतार केलेला असतो, म्हणजे १०० मीटरमध्ये आठ-दहा वेळा खाली-वर. अशा ठिकाणी माणूस आपोआप डांबरावरून चालायला लागतो, आणि डांबरावरून चालणं भीतीचं असल्यानं पुढच्या वेळी गाडी काढतो. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली. तेव्हापासून फुटपाथ हा विषय शहरात सगळ्यांच्या तोंडी आला हे चांगलंच. पण फुटपाथ असणं आणि त्यावरून सलग चालता येणं यातलं अंतर टेपनंच कळतं.

मग ओलांडणं. लोक चालणं सोडतात ते बहुतेक वेळा रस्ता ओलांडण्याच्या एका जागेमुळं. सात मीटर रुंद रस्ता ओलांडायला सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला सहा सेकंद लागतात. सत्तरीतल्या माणसाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला तर नऊ सेकंद. ताशी ४० किलोमीटरनं येणारं वाहन सेकंदाला ११ मीटर कापतं. म्हणजे वडिलांना सुखरूप पलीकडं जायला जवळजवळ १०० मीटरची मोकळी फट हवी, तीही दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. काँग्रेस रोडवर किंवा गोवावेशीच्या आसपास संध्याकाळी साडेसहाला अशी फट किती वेळानं मिळते ते घड्याळ लावून पाहा. चौदा मीटरचा रस्ता मधे थांबायला जागा नसताना ओलांडायचा असेल तर त्यांना १७-१८ सेकंद लागतील, आणि तेवढी फट गर्दीच्या वेळी जवळपास मिळतच नाही. वेगाचा फरकही ध्यानात घ्या: ताशी ३० नं येणारी गाडी चालकानं पाहिल्यापासून कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५० नं येणारी जवळजवळ २८ मीटरमध्ये. पावसात दोन्ही अंतरं वाढतात. ओलांडण्याची जागा पन्नास-शंभर मीटर बदलून, म्हणजे वळणापासून लांब, स्पीडब्रेकरच्या जवळ किंवा जिथं दुभाजक आहे तिथं नेली, तर वाट थोडी लांबते पण चालण्याजोगी होते. बऱ्याच घरांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो.

बाकीच्या गोष्टी भरभर बघून घ्या. गटारावरच्या फरशा हलतात का, चेंबरचं झाकण आहे का, दिव्याचे कोणते खांब बंद आहेत, कुत्र्यांचा घोळका कुठल्या कोपऱ्यावर बसतो, आणि कुठल्या पानपट्टीपुढून जायला घरातल्या बायकांना नको वाटतं. शेवटचं त्या आपणहून सांगणार नाहीत. 'वाट दुसऱ्या गल्लीतून काढूया का' एवढंच विचारा, कारण विचारू नका.

वडिलांच्या बाबतीत वाटेइतकंच शरीर बघावं लागेल, आणि इथं 'होत नाही' या दोन शब्दांमागं बरंच काही लपलेलं असतं. त्यांना 'किती चालवतं' असं विचारू नका. 'कुठं पोचल्यावर त्रास सुरू होतो आणि काय केल्यावर थांबतो' हे विचारा. पोटरी ठरावीक अंतरावर भरून येते आणि नुसतं उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत मोकळी होते, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. तंबाखू किंवा मधुमेह असेल तर लवकरच. उभं राहून बरं वाटत नाही, पण बसलं किंवा पुढं वाकलं की बरं वाटतं, असं असेल तर कमरेच्या मणक्यात नस दबत असण्याची शक्यता. उतारावर आणि पायऱ्या उतरताना दुखत असेल तर गुडघा. छातीत दडपण, घाम, धाप असेल तर चालण्याचा विषय बंद, आधी डॉक्टर. मोतीबिंदू असेल तर संध्याकाळी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि फुटपाथची कड दिसत नाही. अशा माणसाला सकाळी चालायला सहसा कमी अडचण येते. मधुमेहानं तळवे बधिर झाले असतील तर पातळ स्लिपर बंद, बंद बूट आणि रोज रात्री तळवे पाहणं.

आणखी एक कारण जवळजवळ कोणीच बोलून दाखवत नाही: लघवी. रक्तदाबासाठी पाणी काढणारी गोळी सकाळी घेतली की पुढचे दोन-तीन तास वारंवार जावं लागतं. प्रोस्टेटचा त्रास असेल तर आणखी. वाटेत स्वच्छ मुतारी नाही, बँकेत विचारायची लाज वाटते, मग 'गाडी काढ' हेच सोपं. बाळंतपणानंतर किंवा वयानं शिंकताना-खोकताना लघवी सुटणाऱ्या बायकांचंही हेच. गोळीची वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. आणि जाण्याची वेळ अकराऐवजी तीनला नेता येते का पाहा.

वडिलांसाठी उपाय असा बसवा. पहिले पंधरा दिवस फक्त जाताना चालायचं, येताना रिक्षा. परतीची हमी असली की माणूस निघतो. 'तिथवर जाईन पण येऊ कसा' याच भीतीनं वयस्कर माणसं दारातच थांबतात. वाटेत दर दीडशे-दोनशे मीटरवर टेकायला जागा ठरवून ठेवा: ओळखीचं दुकान, देवळाचा कट्टा, बागेचा बाक. काठी लागत असेल तर ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. उंची इतकी की बूट घालून सरळ उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. उंच काठीनं खांदा दुखतो, ठेंगण्या काठीनं कंबर. बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आणि ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. बँक, देऊळ आणि दूध मिळून ती भरतात, वेगळा 'वॉक' लागत नाही. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीच्या आवारात गाडीनं जाऊन तिथं गोल फिरून गाडीनं परत येणाऱ्यांना हसू नये. तिथं सावली आहे, वाहनं नाहीत, बसायला जागा आहे. आपल्या गल्लीत नेमकं काय हवं तेच ते दाखवून देतात.

आता भाऊ आणि भाजी. इथं दोन गोष्टी अडवतात, ओझं आणि सवय. एका हातात तीन-चार किलोपेक्षा जास्त घेऊन ७०० मीटर चाललं की बोटं कापतात आणि पुढच्या आठवड्यात माणूस गाडी काढतो. आठवड्याची भाजी एकदम दहा-बारा किलो आणायची पद्धत असेल तर चालणं टिकणार नाही. दोन वेळा पाच-पाच किलो आणा, किंवा चाकांची पिशवी घ्या. घेताना चाकांचा व्यास किमान पंधरा सेंटिमीटर बघा. सूटकेससारखी लहान चाकं आपल्या फरश्यांच्या फटीत अडकतात आणि पिशवी उलटते. नारळ, बटाटे खाली, पालेभाजी वर. तांदळाचं पोतं, गॅस, तेलाचा डबा यांना गाडी काढावी, त्यात वाद घालू नये.

सवयीसाठी घरातल्या वस्तूंच्या जागा बदला. कारची किल्ली दारामागच्या खुंटीवर असते आणि छत्री कपाटावर. ते उलटं करा. कापडी पिशवी, छत्री, चालायच्या चपला दारात, किल्ली आतल्या खोलीत. एका वेळी एकच फेरी बदला आणि ती तीन आठवडे टिकली की पुढची घ्या. सुरुवात जूनमध्ये करू नका. बेळगावच्या पावसात सुरू केलेली सवय आठवड्यात मोडते. दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर सुरू केलेली मार्चपर्यंत मुरते.

गाडीची बाजूही भावाला सांगा, कारण ती नुकसानीची आहे आणि गाडीवर जीव असलेला माणूस ती ऐकतो. इंजिन गार असताना गाडीतला संगणक जास्त पेट्रोल सोडतो. सिलिंडरच्या गार भिंतींवर त्यातलं काही न जळता चिकटतं, तिथलं ऑइल धुवून काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांब पल्ल्यात ते बाहेर फेकलं जातं. ७०० मीटरमध्ये सायलेन्सर तापतच नाही, वाफ आतच थिजते आणि मागचा डबा आतून गंजतो. कुलंट, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारं पाणी, नेहमीच्या तापमानाला यायला पाचेक किलोमीटर लागतात, ऑइलला त्याहून जास्त. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास काम सुरू करतो, म्हणजे पहिल्या एक-दोन मिनिटांतला धूर जवळपास जसाच्या तसा बाहेर पडतो, तोही आपल्याच गल्लीत. ॲव्हरेज अशा फेऱ्यांत निम्म्यावर येऊ शकतं.

तुमच्या घराचा हिशोब मांडा. भाजीची जा-ये १.४ किलोमीटर, शाळेच्या दोन वेळच्या जा-ये मिळून ३.६. दिवसाला पाच किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,५०० किलोमीटर. पण गाडी चालू करायला सेल्फ दिवसाला सहा वेळा, वर्षाला १,८०० वेळा. किलोमीटर इतके कमी म्हणून '१०,००० ला ऑइल बदलू' असं म्हणत दोन-तीन वर्षं ऑइल तसंच राहतं, आणि गाडी गॅरेजला जाते तेव्हा मेस्त्री झाकण उघडून आत दह्यासारखा पांढरट थर दाखवतो. तो पाणी मिसळल्याचा. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत छोट्या फेऱ्यांच्या वापरासाठी सर्व्हिसिंगचं वेगळं, लवकरचं वेळापत्रक दिलेलं असतं. ते पान कोणी वाचत नाही. अशा वापरात किलोमीटर न बघता सहा महिन्यांनी ऑइल बदला. बॅटरी उतरते तीही याचमुळं: सेल्फ एका झटक्यात शंभराहून जास्त अँपिअर ओढतो आणि तीन मिनिटांत तेवढं परत भरत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे लवकरच एका सकाळी दगा देणार.

१ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (धुराच्या नव्या मानकाची) डिझेल कार असेल तर छोट्या फेऱ्या सर्वात महाग पडतात. तिच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जाळायला धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि त्यासाठी सलग वेगानं वीस-तीस मिनिटं गाडी चालावी लागते. भाजी आणि शाळा एवढ्यावर ती कधीच तापत नाही. जाळणं अर्धवट सुटलं की जाळी तापवायला जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा पेटला की त्याच दिवशी पुणे-बेंगळूर महामार्गावर संकेश्वरच्या दिशेनं अर्धा तास स्थिर वेगात जाऊन या. दिवा पेटला असताना गल्लीतच फिरवत राहिलात तर गाडीची ताकद कमी होईल, आणि जाळी बदलायचा खर्च मोठा आहे.

शाळेच्या फेरीला वेगळा उपाय आहे. एका गल्लीतली सहा-आठ मुलं आणि दोन मोठी माणसं, एक पुढं एक मागं. ठरलेल्या तीन-चार थांब्यांवर ठरलेल्या मिनिटाला पोचायचं. कोणी आलं नाही तर दोन मिनिटं थांबून पुढं निघायचं, नाहीतर सगळ्यांची प्रार्थना चुकते आणि दुसऱ्या आठवड्यात पालक परत गाड्या काढतात. पाळी लावा, प्रत्येक पालकाला आठवड्यातून एक-दोनच दिवस येतात. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात आहे. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. काट्यावर ठेवून बघा, बहुतेक वेळा भरेल जास्तच. पाण्याची भरलेली बाटली एकटीच पाऊण किलो असते, ती शाळेत भरता आली तर भरा. उलट टोकाचा उपाय, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात स्कूटर देऊन 'तूच जा ट्यूशनला' म्हणणं, हा मात्र अजिबात करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवानाही मिळत नाही.

दोन ते सहा किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी घरातल्या बायकांना थोडं चालणं आणि पुढं बस हा पर्याय आता खरोखर स्वस्त आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये राज्याच्या हद्दीत तिकीट लागत नाही. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं आणि शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं. निपाणीहून कोल्हापूरला जाताना ही सवलत धरू नका, ती राज्यांतर्गत प्रवासापुरती आहे. येळ्ळूर, उचगाव, कडोली भागातून शहरात येणाऱ्यांना बसची वेळ जुळत नसेल तर वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप, आहेच. पण तिकडच्या माणसांना चालण्याचा उपदेश जपून करा. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात बस नाही म्हणून आजही चालावं लागतं. ज्या पिढीनं हायस्कूलसाठी रोज मैलोन्मैल पायपीट केली, तिनं मुलांना ती पडू नये म्हणून गाडी घेतली. तिच्या मनात चालणं आणि नाइलाज एकमेकांना चिकटलेले आहेत. टीकेनं ते सुटत नाहीत.

पावसासाठी तीन गोष्टी पुरतात. वाऱ्यात छत्री उलटते, म्हणून गुडघ्याखालपर्यंत येणारा रेनकोट. मागून पट्टा असलेली रबरी चप्पल, कारण नुसत्या स्लिपरनं चिखलात पाय सटकतो आणि मागं शिंतोडे उडतात. आणि रस्त्यावर पाणी साचलं असेल तर कडेनं चालायचं नाही. गटार आणि उघडं चेंबर कडेलाच असतं आणि पाण्याखाली दिसत नाही. घोट्याच्या वर पाणी असेल तर दुसऱ्या गल्लीनं जा किंवा त्या दिवशी गाडी काढा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळीव येतो, तेव्हा आभाळ बघून निघा.

आता न्याय करण्याबद्दल, कारण प्रश्नात तो सरळ विचारला आहे. शेजारी ७०० मीटरसाठी गाडी काढतो यावर मत बनवायला तुमच्याकडं माहिती पुरेशी नाही. त्याचा गुडघा, त्याची पुढची चार कामं, त्याची गोळी तुम्हाला दिसत नाही. पण तीच गाडी त्यानं फुटपाथवर चढवून लावली तर त्याला जरूर बोला. २०१७ च्या मोटार वाहन चालन नियमांत फुटपाथवर आणि पादचारी पट्ट्यांवर गाडी लावायला मनाई आहे. ती गाडी इतर दहा जणांना डांबरावर उतरवते, आणि त्यांतले दोघं दुसऱ्या दिवसापासून स्वतःची गाडी काढतात. एका गल्लीत चालणं असंच बंद पडतं. ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर हॉर्न वाजवणाऱ्यालाही टोका. घरच्यांशी बोलताना मात्र 'एवढंही चालवत नाही?' हे वाक्य कायमचं सोडा. 'मी भाजीला निघालोय, येतोस? पिशवी मी घेतो' याला बरीच माणसं उठतात.

वाट तपासताना सापडलेल्या दोषांचा अर्ज करा, आणि अर्ज करण्याआधी रस्ता कोणाचा ते पाहा. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड, शहरातल्या बहुतेक गल्ल्या महापालिकेच्या, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. एका अर्जात एकच जागा आणि एकच मागणी: अमुक घर क्रमांकासमोर, अमुक खांबाजवळ, चेंबरचं झाकण नाही. किंवा फुटपाथची मोकळी रुंदी ५५ सेंटिमीटर, ट्रान्सफॉर्मरचा कठडा आत सरकवावा. टेप लावून काढलेला फोटो जोडा. मराठी अर्जाबरोबर कन्नड प्रत जोडली की टेबलावर अडत नाही. पोच घ्या, प्रभागाच्या नगरसेवकांना प्रत द्या. 'फुटपाथ सुधारा' अशा मोघम अर्जावर काही होत नाही, कारण अभियंत्याला त्यातून काम काढता येत नाही. काम झालंय असं उत्तर आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून त्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकातली नोंद मागा. कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, उत्तराची मुदत तीस दिवस.

फेऱ्या कमी झाल्या की कार उभी राहायला लागेल, त्याचीही सोय करा. आठवड्यातून एकदा किमान वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा, खानापूर रोडला किंवा हिंडलग्याकडं. जागेवर इंजिन चालू ठेवून बॅटरी नीट भरत नाही आणि ऑइलही तापत नाही. पावसाळ्यात गाडी दोन-तीन दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलाव्यानं मागचे ब्रेकशू ड्रमला चिकटतात आणि गाडी हलताना मागचं चाक फरपटतं. सपाट जागा बघा, पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. 'पी' असलेली ऑटोमॅटिक असेल तर 'पी' मध्ये ठेवून ठोकळे लावा. टायरमधली हवा पंधरा दिवसांनी बघा. आणि बॉनेट उघडून एकदा नजर टाका, उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात.